आधी पायवाट मोजली, मग नकाशा काढला

सांगलीत कुठलीही जागा बघायला गेलं की माणसं आधी 2019 च्या पुराचं पाणी दाखवतात. भिंतीवर तळहात ठेवून, "हितवर". मग त्याच भिंतीवर 2005 चं, मग 2021 चं, आणि कुठलं वर कुठलं खाली यावर तिथल्या तिथं वाद पण होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी इथल्या शाळकरी पोरांना पण पाठ असते, 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, 2019 ला ती 57 च्या वर गेली होती. रेल्वे स्टेशनजवळच्या एका मोठ्या जागेच्या रिडेव्हलपमेंटच्या कामात मी शिरले तेव्हा माझी पण सुरुवात अशीच भिंतीवरच्या हातापासून झाली. हे लिहायचं कारण असं की आता सांगली, सातारा, कराड सगळीकडं असल्या जागांचे विषय निघायलेत, जुनी गोदामं, बंद पडलेल्या गिरण्या, एसटी स्टँडच्या शेजारचे मोकळे पट्टे, आणि सगळीकडं चित्र एकच दाखवतात, काचेची बिल्डिंग, खाली कॉफी शॉप, वर झाडं. त्या चित्राच्या आत काय काय ठरवावं लागतं आणि ते कोण ठरवतं हे कुठं वाचायला मिळत नाही, म्हणून म्हटलं आपण जे बघितलं ते लिहावं.

मी आर्किटेक्ट, ऑफिस विश्रामबागला. कामं बहुतेक बंगले, अपार्टमेंट, एखादं मंगल कार्यालय. ही जागा म्हणजे स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर दहा-बारा एकरांचा तुकडा, मालक भाऊबंद, सातबाऱ्यावर नावांची रांग. आत जुनी गोदामं, पूर्वी हळद आणि गूळ असायचा, आता निम्मी बंद आणि निम्म्यात बेदाण्याचे बॉक्स, रस्त्याच्या कडेला दुकानगाळ्यांची ओळ, एक गॅरेज, एक पिठाची गिरण, मागं भाड्याच्या खोल्यांच्या चाळी, आणि सगळ्याच्या मधून एक ओढा. भाऊबंदातले थोरले, त्यांना सगळे आण्णा म्हणतात, ते म्हणाले, "ताई, पुण्याचा कन्सल्टंट मोठा नकाशा काढणार हाय, पण गावातलं माणूस आमच्या बाजूनं पायजे." असं ते काम माझ्याकडं आलं. पुणे-मिरज लाइन डबल झाली, इलेक्ट्रिक झाली, त्यामुळं स्टेशनजवळच्या जमिनीला आता किंमत येणार असा सगळ्यांचा हिशोब होता आणि तो चूक पण नव्हता.

कागदांचं फार सांगत नाही कारण ते सगळ्यांना माहीत आहे. सातबारा, सिटी सर्व्हेचा उतारा, वारसनोंदी, मोजणी, झोन दाखला, डीपीचा म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचा भाग नकाशा, आणि रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत काही बांधायचं तर रेल्वेची एनओसी. पाटबंधारेकडून पूररेषेचा दाखला. यात वेळ जातोच, पण डोकं लागत नाही. डोकं लागतं ते जागेवर.

जागेवर मी मुद्दाम सकाळी सकाळी गेले, कारण दुपारी नुसती गोदामं दिसतात. सकाळी वेगळंच चित्र होतं. मागच्या वस्तीतून माणसांची ओळ लागलेली, ओढ्याच्या कडेकडेनं येणारी, गोदामांच्या मधल्या बोळातनं स्टेशनकडं आणि पुढं मेन रोडला शहरी बसला जाणारी. डबे घेतलेले हमाल, हळद निवडायला जाणाऱ्या बायका, वालचंद आणि विलिंग्डनची पोरंपोरी, मिरजेला दवाखान्यात नोकरी करणाऱ्या नर्स, फिरायला निघालेली म्हातारी माणसं, आणि एक आजोबा नातवाला रोज गाडी दाखवायला न्यायचे. ही वाट खासगी जागेतून जाते, कुणी अडवलेलं नाही म्हणून चालू आहे, आणि कुठल्याच नकाशात नाही. ना मोजणीच्या, ना डीपीच्या, ना गावनकाशात. मोजणीदार आले तेव्हा मी त्यांना म्हटलं ही पण घ्या, ते म्हणाले मॅडम, हद्द आणि बांधकामं घेतो, पायवाट कशाला. त्यांचं त्यांच्या नियमानं बरोबर होतं. मग मी ऑफिसमधल्या दोन पोरांना घेऊन टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, लावून ती वाट मोजून घेतली, कुठं दीड मीटर, कुठं तीन, कुठं चिखल, कुठं फरशी टाकलेली, कुठं चिंचेचं झाड मधे आलंय म्हणून वाट वळलीय. बेस ड्रॉइंगवर ती लाल रंगात टाकली आणि त्यानंतर जेवढे नकाशे निघाले त्या प्रत्येकावर ती लाल रेघ ठेवायची असा मी हट्ट धरला. माझं या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम कुठलं विचाराल तर हे.

इथं थोडं आपल्या गावाचं सांगते, बाहेरच्यांना गंमत वाटते की सांगलीच्या स्टेशन चौकात स्टेशनच नाही. संस्थानच्या काळात मिरजेहून मीटरगेजचा फाटा थेट गावात यायचा, पुढं ब्रॉडगेज झाली तेव्हा स्टेशन बाहेर मेन लाइनवर गेलं आणि चौकाला नाव तेवढं राहिलं. पण पेठा तिथंच राहिल्या, गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड, मार्केट तिथंच. म्हणजे गाव एकीकडं आणि गाडी दुसरीकडं, आणि मधलं अंतर रिक्षा, वडाप नाहीतर गाडीवर. आपल्याकडं स्टेशनपर्यंत चालत जायची सवय मोडली ती अशी. केंद्राचं 2017 चं टीओडी, म्हणजे ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंटचं धोरण आहे ना, स्टेशनच्या भोवती दाट वस्ती आणि चालत जाता येईल असं शहर, त्यात 500 ते 800 मीटरचा पट्टा धरलाय, साधारण दहा-बारा मिनिटांचं चालणं. हे धोरण मुळात मेट्रोच्या शहरांसाठी, सांगलीला मेट्रो नाही आणि नको पण. पण तत्त्व आपल्याला लागू पडतंच, कारण आमच्या जागेतली ती सकाळची ओळ म्हणजे तेच तत्त्व पायानं चाललेलं होतं.

कन्सल्टंटचा पहिला नकाशा आला. चांगली माणसं होती, हुशार होती, ते मी आधीच सांगते. पण नकाशात मेन रोडपासून आत 18 मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूला खाली पार्किंगचे मजले (पोडियम) आणि त्यावर टॉवर, पुढं शॉपिंग, मागं हद्दीवर सलग कंपाउंड वॉल आणि एकच गेट. लाल रेघ त्या भिंतीला जाऊन थांबत होती. ओढा पाइपात घातलेला. मी विचारलं आतला रस्ता एवढा रुंद कशाला, तर त्याचं उत्तर नियमात आहे. 2020 च्या डिसेंबरपासून मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला एकच यूडीसीपीआर, म्हणजे बांधकामाची नियमावली, लागू आहे, त्यात आपल्यासारख्या शहरात गावठाणाबाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते) 1.10, आणि त्याच्यावर प्रीमियम भरून किंवा टीडीआर (दुसरीकडं जागा सोडल्याबद्दल मिळालेला बांधकामाचा हक्क) आणून किती चढवता येईल ते समोरचा रस्ता किती रुंद त्यावर ठरतं. म्हणजे रस्ता रुंद तर इमले जास्त. त्यामुळं प्रत्येक जण आत रुंद रस्ता काढतो, गाड्यांना गरज असो नसो, आणि रुंद रस्त्यावर गाडी जोरात जाते आणि चालणारा माणूस कडेला जातो. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, मोठी बिल्डिंग असेल तर अग्निशमनची गाडी वळली पाहिजे, ते बरोबरच आहे. पण मोठ्या प्लॉटच्या आत त्याचा परिणाम असा होतो की चालायची जागा ही सगळं झाल्यावर उरलेली जागा होते.

आम्ही त्याच्यावर बऱ्याच बैठका घेतल्या आणि शेवटी मार्ग निघाला तो असा की रुंद रस्ता एकच ठेवायचा, मेन रोडच्या बाजूला, उंच बिल्डिंगी सगळ्या त्याच्यावर तोंड करून, आणि आतल्या बाजूला लहान रस्ते आणि तीन-चार मजली घरं. एफएसआय थोडा कमी भरला, पण सांगलीच्या काळ्या मातीत उंच टॉवरचा पाया किती खर्चाचा असतो ते इथल्या कुठल्याही आरसीसी इंजिनिअरला विचारा. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, शामरावनगरात घरं बांधलेल्या माणसांना याचं वेगळं सांगायला नको. लहान बिल्डिंगी आपल्याला परवडतात, मालकांना हे आकड्यात दाखवल्यावर पटलं.

आता पाण्याचं. नदीचं पाणी सांगलीत काठ ओलांडून येण्याच्या आधी ओढ्या-नाल्यांतून उलटं येतं, हे इथल्या माणसाला माहीत आहे. नदी चढली की नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि मागं सरकतं, मग सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड अशी नावं पेपरात यायला लागतात. पूर्वी हे पाणी साठायला ओत होते, खोलगट काळ्या जमिनी, त्यात पाणी आठ दिवस बसायचं आणि उतरायचं. किती तरी ओत भरून प्लॉट पडले. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर बोलायला आपल्याकडं प्रत्येक जण तयार असतो आणि तो प्रश्न आहेच, मी नाही म्हणत नाही, 2019 नंतर वडनेरे समितीनं पण पुराचा सगळा अभ्यास केलाय, पण माझ्या टेबलावरच्या दहा-बारा एकरांतला ओढा अलमट्टीच्या हातात नव्हता, आमच्या हातात होता. तो पाइपात घातला असता तर मागच्या वस्तीत पाणी चढलं असतं, सरळ गणित.

जुन्या मोजणीचं टिपण आणि फाळणी नकाशा काढून बघितला तर ओढ्याची मूळ रुंदी आत्ताच्यापेक्षा बरीच जास्त होती, गोदामांचा भराव हळूहळू आत सरकलेला. आम्ही ठरवलं, ओढा उघडा ठेवायचा, मूळ रुंदी परत द्यायची, आणि त्याच्या काठानं जी जागा नियमानं सोडावीच लागते तिथूनच ती पायवाट न्यायची. लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा द्यावीच लागते, बहुतेक ठिकाणी ती कुठल्या तरी वाकड्या कोपऱ्यात टाकतात, आम्ही ती ओढ्याला लागून सलग पट्टा म्हणून दिली. एकाच जागेतून तीन कामं झाली, पाण्याला जागा, चालायला वाट, पोरांना मैदान. पाणी आलं तर मैदानात येईल, चार दिवस बसेल, उतरेल. झाडं पण तशीच निवडली, ओढ्याला लागून उंबर, जांभूळ, करंज, वरच्या बाजूला चिंच आणि कडुनिंब. हरिपूर रस्त्याला चिंचेच्या सावलीतून ज्यानं चालून बघितलंय त्याला वाटेवर सावली म्हणजे काय ते सांगायला लागत नाही.

लेव्हलचा विषय मात्र सोपा नव्हता. पूररेषेच्या दाखल्यातली निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत नवीन बांधकाम नाही. निळी आणि लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आमची वाटेची लाल रेघ नव्हे) यांच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर पाहिजे. आमच्या जागेचा मेन रोडकडचा भाग उंचावर, काही प्रश्न नाही, पण ओढ्याकडचा कोपरा लाल रेषेच्या आत. तिथं घरं उचलून खाली स्टिल्ट पार्किंग करता येतं. पण दुकानं? मिक्स्ड युज म्हणायचं, खाली दुकान वर घर म्हणायचं, आणि दुकान माणसाच्या डोक्याच्या उंचीवर न्यायचं तर ते चालणार कसं?

हा प्रश्न मला बैठकीत गिरणवाल्या मावशींनी विचारला आणि मी त्यांचे शब्द तसेच मिनिट्समध्ये लिहून घेतले. "मॅडम, चौदा पायऱ्यावर दळण घिऊन कोण चढणार? डबा डोक्यावर आसतोय." भाडेकरूंची ही बैठक मालकांना सुरुवातीला नको होती. त्यांचं म्हणणं, आधी आपलं ठरू दे, मग त्यांना सांगू. मी म्हटलं आण्णा, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात जुन्या भाडेकरूला हक्क आहेत, त्यांना परत जागा द्यावीच लागणार आहे, मग ती जागा कशी असावी हे त्यांनाच विचारूया की. आण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बोलवा. पण मी बी येणार." आले, आणि शेवटपर्यंत बसले.

त्या बैठकीत जे कळलं ते कुठल्या सर्व्हे फॉर्ममध्ये आलं नसतं. गॅरेजवाल्याला छप्पर नको, ओटा आणि पुढं चार गाड्या लावायला जागा पाहिजे. रद्दीवाल्याला ट्रक लागेल अशी मागची बाजू पाहिजे. चहावाले म्हणाले आम्हाला गाळा नको, स्टेशनच्या वाटेवर सकाळी पाचला उभं राहता येईल अशी जागा द्या, कारण गाळ्यात गेलो तर गिऱ्हाइक दिसणार नाही. चाळीतल्या बायकांनी विचारलं, संध्याकाळी क्लासवरनं पोरी येतात, वाटेवर लाइट असणार का, आणि वाटेकडं कुणाची खिडकी असणार का. हा दुसरा प्रश्न लाखमोलाचा. लाइट बसवता येतो आणि बंद पण पडतो. पण वाटेवर कुणाचं तरी दार असेल, कुणी भाजी निवडत बसलं असेल, तर ती वाट जागी राहते. त्या दिवशी नकाशावर मी एक नियम लिहिला, वाटेकडं पाठ करून एक पण बिल्डिंग उभी राहणार नाही, मागची आंधळी भिंत नाही, मीटर रूम नाही, जनरेटर नाही.

दुकानांचं उत्तर आम्हाला गणपती पेठेत सापडलं. तिथली जुनी दुकानं बघा, रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या वर, पुढं ओटा, वर राहायची घरं. मिक्स्ड युज म्हणून ज्याची आता प्रेझेंटेशन होतात ते आपल्या पेठांनी कधीच केलंय. तर दुकानं सगळी उंच भागात, मेन रोडच्या आणि वाटेच्या वरच्या टप्प्यावर, सलग ओट्यावर घेतली, ओट्याला पायऱ्या आणि रॅम्प. रॅम्पला 1 ला 12 चा उतार धरायचा म्हणजे तीन फूट चढायला छत्तीस फूट लांबी लागते, कन्सल्टंटची मंडळी म्हणाली फार जागा जाते, पण दळणाचा डबा, हातगाडी, व्हीलचेअर, बाळाची गाडी सगळं त्याच्यावरून जाणार आहे. गिरण त्या रॅम्पच्या तोंडाशीच ठेवली. खालच्या कोपऱ्यात घर नाही, दुकान नाही, तिथं मैदान आणि आठवडी बाजाराची जागा. आणि मीटर, पंप, ट्रान्सफॉर्मर सगळं वरच्या लेव्हलला. 2019 ला किती तरी अपार्टमेंटांचे मीटर बॉक्स पार्किंगमध्ये बुडाले, पाणी उतरल्यावर पण घरात अंधार होता, ते परत व्हायला नको.

मालकांच्या पुढच्या पिढीतला एक जण पुण्यात आयटीत आहे, त्यानं ग्रुपवर अटलांटाच्या बेल्टलाइनचा व्हिडिओ टाकला. जुन्या रेल्वेच्या लाइनींचा शहराभोवती 22 मैलांचा फेरा, तिथल्या एका विद्यार्थ्यानं 1999 ला आपल्या प्रबंधात मांडलेली कल्पना, आज तिथं चालायची-सायकलची वाट आणि दोन्ही बाजूला नवीन घरं, ऑफिसं, हॉटेलं. तो म्हणाला ताई, आपली वाट पण अशी करू, भाव कुठल्या कुठं जाईल. मी म्हटलं भाव जातो हे खरंय, पण त्याच्या पुढचं पण बघ, तिथं वाटेच्या कडेची घरं एवढी महागली की आधीपासून राहणाऱ्यांना तिथं राहणं जड झालं. 2030 पर्यंत 5,600 परवडणारी घरं करायचं त्यांना ध्येय ठेवावं लागलं, आणि वाट पुढं, घरं मागं राहिली म्हणून तिथं खूप टीका झाली. आपल्याकडं तर कायद्याचा आधार पण नाही, कारण मोठ्या प्रोजेक्टमध्ये लहान घरांसाठी 20 टक्के ठेवायची अट ही 10 लाखांवरच्या महापालिकांना आहे, आपल्या सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 5 लाखांच्या थोडी वर. म्हणजे लहान घरं ठेवायची तर आपणच ठेवायची. तो पोरगा समंजस, त्यानं हिशोब करून बघितला आणि त्याच्या लक्षात आलं की सांगलीत मोठे फ्लॅट पडून राहतात आणि वन आरके, वन बीएचके लगेच जातात, नर्स आहेत, कॉलेजची पोरं आहेत, मार्केट यार्डातली माणसं आहेत. मग वाटेच्या कडेला लहान घरं आणि शे-दीडशे चौरस फुटांचे गाळे घ्यायचं ठरलं. भल्यासाठी म्हणून ठरलं की विक्रीसाठी, मला फरक पडत नाही, ठरलं हे महत्त्वाचं.

पार्किंगवरनं खूप भांडण झालं, ते थोडक्यात सांगते. दुकानांना दिवसा पार्किंग लागतं, घरांना रात्री, म्हणून मेन रोडकडचं पार्किंग दोघांत मिळून वापरायचं आणि स्टेशनला येणाऱ्यांसाठी दुचाकीचा पे-अँड-पार्क. सायकलींना वाटेच्या तोंडालाच स्टँड. यावर अजून पण सगळे खूश नाहीत.

खरी परीक्षा डीपी रस्त्याची होती. डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये एक रस्ता बरोबर ओढ्याच्या काठावरून आखलेला, म्हणजे तो झाला असता तर ओढा पण गेला असता आणि वाट पण. त्याची आखणी सरकवायची तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली फेरबदल. त्याची प्रक्रिया अशी, महापालिकेत ठराव, मग राजपत्रात आणि पेपरात नोटीस, हरकती-सूचनांसाठी एक महिना, मग सुनावणी, मग शासनाची मंजुरी. आपल्याकडं ही नोटीस पेपरात आतल्या पानावर येते, बारीक टाइपात, गट नंबर आणि सर्व्हे नंबर, सामान्य माणसाला ती आपल्या वाटेची आहे हे कळतच नाही. आम्ही काय केलं, त्या नोटिशीचं साध्या मराठीत एक पान केलं, शेजारी लाल रेघेचा नकाशा, चिंचेचं झाड, गिरण, स्टेशन अशा खुणा टाकून, आणि गिरणीत, चहाच्या गाड्यावर, चाळीत लावलं. हरकत नसते नुसती, सूचना पण देता येते, हे किती जणांना पहिल्यांदा कळलं. लोकांनी आपल्या हातानं लिहून दिलं. "आमी हितनं तीस वर्सं चालतोय." "पावसाळ्यात गुडघाभर चिकल आसतोय, फरशी करा पण वाट बंद करू नका." एका कॉलेजच्या मुलीनं नकाशाच काढून दिला, कुठं अंधार असतो त्या जागा काळ्या करून.

ज्यांचा विरोध होता तो पण सांगायला पाहिजे. रस्ता सरकवल्यामुळं ज्यांच्या प्लॉटला मिळणारा फ्रंट जाणार होता त्या पलीकडच्या दोन मालकांची हरकत होती आणि त्यांचं नुकसान खरं होतं. त्यांच्यासाठी रस्त्याचं वळण आणखी बदललं, आमच्या बाजूची जास्त जागा गेली, त्याबदल्यात मालकांना टीडीआर घेता येईल. सुनावणीला आण्णांनी स्वतः उभं राहून सांगितलं की वाट आमच्या जागेतली आहे आणि आम्ही ती सोडायला तयार आहोत. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका बोलले, ते म्हणाले मी रात्री-अपरात्री ड्युटीला याच वाटेनं गेलोय, कंदील घेऊन. अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, वाटेची रुंदी किती, देखभाल कोण करणार, पुराच्या वेळी काय, असे नेमके प्रश्न विचारले. रुंदीला आम्ही आयआरसी 103 चा, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सोयींच्या मार्गदर्शिकेचा आधार दिला, फुटपाथला अडथळ्याशिवाय किमान 1.8 मीटर पाहिजेत असं त्यात आहे, आम्ही त्याच्या दुप्पट मागितली कारण सायकली पण जाणार.

आता परिस्थिती अशी आहे. फेरबदलाचा प्रस्ताव शासनाकडं आहे. पहिल्या टप्प्याचा लेआउट तात्पुरता मंजूर झालाय आणि वाट, ओढा, मैदान हे तिन्ही पहिल्या टप्प्यात घालून घेतलंय. याच्यासाठी मी फार भांडले, कारण रेराला (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाकडं) प्रत्येक टप्पा वेगळा प्रोजेक्ट म्हणून नोंदवता येतो, आणि बाग, वाट, मैदान शेवटच्या टप्प्यात टाकले की तो टप्पा कधी येतो ते कुणी सांगू शकत नाही.

एक मुद्दा अजून मिटलेला नाही, गेटचा. फ्लॅट घेणाऱ्यांना सुरक्षितता पाहिजे म्हणून वाटेच्या दोन्ही तोंडांना गेट लावून रात्री दहाला बंद करावं अशी विक्री बघणाऱ्यांची मागणी आहे. पण रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसला जाणारा माणूस दहाच्या सुमारासच निघतो, आणि सकाळी मुंबईहून उतरणारा उजाडायच्या वेळेला येतो, चहावाले तर पाचलाच उभे असतात. माझा प्रस्ताव असा आहे की गेट बिल्डिंगांना लावा, वाटेला नको, प्रत्येक सोसायटीचं स्वतःचं फाटक असू दे, वाट उघडी. आणि वाटेची जमीन नोंदणीकृत दस्तानं महापालिकेच्या नावावर करून द्यायची, नुसतं लेआउटवर हिरवा रंग देऊन उपयोग नाही, उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव करून कुणी पण बंद करेल. आण्णा दस्ताला तयार आहेत, बाकीच्यांच्या सह्या बाकी आहेत, दोघे परदेशात आहेत त्यांची पॉवर ऑफ अॅटर्नी यायची आहे.

कुणी आपल्या गावात असल्या कामात असेल, मालक म्हणून, भाडेकरू म्हणून, नुसतं शेजारी म्हणून, तर तुमच्या जागेतून माणसं कुठनं चालतात ती वाट मोजून बेस ड्रॉइंगवर आणायला लावा, नकाशा निघायच्या आधी, कारण एकदा रस्ते आणि इमारती बसल्या की नंतर कुणी एक मीटर पण सरकवत नाही. आमच्याकडं पुढच्या मोजणीची तारीख लागलीय, ओढ्याच्या मूळ हद्दीचे आणि वाटेचे दगड यावेळी त्याच नकाशात घ्यायचे आहेत, मोजणीदारांना अर्जातच तसं लिहून दिलंय.